सावली आपल्याकडे

भिंगाच्या पितळी कडेला एक खाच आहे — कधीतरी हातातून पडलं होतं तेव्हाची — आणि तिचा अंगठा रोज सकाळी आधी ती खाच शोधतो, मग डोळा खाली जातो. आजही अंगठा खाचेवर टेकला, डोळा खाली गेला, आणि काही केल्या चित्र जुळेना. फोटो उलटा होता. सावल्या पलीकडे पडत होत्या, आणि सावल्या पलीकडे पडल्या की डोळा हमखास फसतो — टेकडीचा खड्डा होतो, पाण्याची टाकी विहिरीसारखी आत जाते. सावली आपल्याकडे घ्यायची. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एवढंच शिकवते, बाकीचं नोकरी शिकवते. तिनं फोटो फिरवला, सावल्या तिच्या पोटाकडे झुकल्या, आणि जमिनीतून सगळं नीट वर आलं — गोदामाचं छप्पर, कुंपणाचे खांब, भिंतीला टेकलेली सायकल... नाही, सायकल भिंतीला नव्हती. आडवी पडली होती. आणि कुंपणापाशी दोन माणसं, एक पुढे, एक मागे, आणि त्यांच्या खांद्यांवर —

ती मागे टेकली. टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, लावला. उगाच. भिंगातून बघायचं म्हणजे चष्मा काढावाच लागतो.

हे आवार तिचं नव्हे. ते *त्यांच्या* देशात आहे — त्यांनी एक उपग्रह सोडला की आपण दोन सोडतो, आपण लांब पल्ल्याचं काही काढलं की ते त्याहून लांबचं काढतात, असं तिच्या लग्नाच्या आधीपासून चाललंय आणि ती गेल्यावरही चालेल. आपला उपग्रह त्या आवारावरून जातो, फोटो काढतो, फोटो या टेबलावर येतो. तिथं ती कधी गेली नाही, जाणारही नाही, पण फाटकाजवळचं डबकं उन्हाळ्यात आधी कुठल्या बाजूनं आटतं हे तिला ठाऊक आहे. गोदामामागे कुणीतरी भाजीचा वाफा केलाय आणि तो दरवर्षी हातभर वाढतो, हे ठाऊक आहे. सायकल कुणाची ते ठाऊक नाही, पण सायकलवाला सुट्टीवर गेला की तिला करमत नाही. आणि स्वतःच्या घरात न्हाणीघराचा नळ गळतो तो दुरुस्त करायचं मात्र... जाऊ दे. गळतो तर गळतो, घरात तेवढाच एक आवाज.

आवारात पाच क्षेपणास्त्रं उभी असतात. तिनंच ती पहिल्यांदा मोजली, सावल्यांवरून त्यांची उंची काढली, शाबासकी मिळवली. तिनं मोजलेलं वर जातं, वर एक यादी आहे, आणि यादीतल्या प्रत्येक जागेवर आपल्याकडून काहीतरी रोखून ठेवलेलं असतं — वेळ आलीच तर असावं म्हणून. हे तिला माहीत होतं, घरातलं सांडपाणी कुठं जातं हे माणसाला माहीत असतं तसं. त्यामागे चालत कोण जातं?

आणि आता हे. परवा तिकडे वादळ झालं होतं, हवामानवाल्यांनी कळवलं होतं. पाचही आपापल्या जागेवरून सरकली होती, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, दाटीत धक्का बसलेल्या माणसांसारखी. आणि पाचवं, दबलेल्या तारांवरून दिसत होतं, उडून कुंपणावर जाऊन पडलं होतं. उडून! जे हलवायला मोठी क्रेन लागावी, रस्ता खचावा, ते कुंपणावर पालथं. आणि कुंपणाच्या तारा तुटल्यासुद्धा नव्हत्या. आणि ते दोघं ते खांद्यावर टाकून परत आणत होते, पुढचा सायकलवालाच असणार — अरे देवा, शिडी आणावी तसे!

ती हसली. मोठ्यानं. खोलीत कुणी मोठ्यानं हसत नाही, त्यामुळे शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी दचकली. "काय झालं ताई?"

"काही नाही गं. डोळ्यात गेलं काहीतरी."

लाकूड. लाकूड, प्लायवूड, वरून पत्रा आणि रंग. इतकी वर्षं मी लाकूड मोजत होते, आणि रंग किती छान दिलाय मेल्यांनी, गंजसुद्धा काढलाय ठिकठिकाणी, कुणी बघावं म्हणून? माझ्याखेरीज कोण बघतंय?

शिडी... घर बदललं तेव्हा मुलानं आणि त्याच्या बाबांनी शिडी अशीच आणली होती, भर रस्त्यातून, टेम्पोत मावली नाही म्हणून. पुढे बाबा, मागे हा, नुकता त्यांच्या खांद्याला लागलेला, आणि ओरडत होता, "बाबा, हळू! बाबा, वळताना सांगा तरी!" ती वर गॅलरीत उभी होती. वरून दोघांची डोकी तेवढी दिसत होती आणि लांबलचक सावल्या. नवरा, त्याला तेवढं ठाऊक होतं, नंतर हसून म्हणायचा, तू नोकरी घरी आणतेस, आम्हालासुद्धा वरूनच बघतेस. तेव्हा राग आला होता. आता तो रागसुद्धा हवाहवासा वाटतो, कारण तो ज्याचा यायचा तो माणूस गेला, आणि मागे शिडी धरणारा लष्करात गेला, आणि आता कुठेतरी माळावर आपल्या क्षेपणास्त्रांची राखण करतो. कुठे, ते त्यानं सांगायचं नाही. आपण काय काम करतो ते तिनं सांगायचं नाही. दोघंही गुरुवारी फोनवर खोकला, झोप आणि हवा यांवर बोलतात. आज गुरुवार.

दुपारी ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट नाहीत. घाबरट आहेत, आणि घाबरट माणसाची कीवच येते, म्हणून तिला त्यांचा राग येत नाही. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. दिसलं होतं त्यांना, मान किंचित वाकडी झाली त्यावरून तिला कळलं.

"फार खात्रीनं बोलू नका बाई."

"खात्रीचंच आहे, साहेब. दोन माणसांनी उचललंय."

"एखादं शिकवणीसाठी ठेवलं असेल. नमुना."

"पाचही सरकलीत वाऱ्यानं."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे नुसती बुजगावणी म्हणता."

"बुजगावणं पाखरं हाकलायला असतं साहेब. ही बोलवायला आहेत. आपण यांच्यावर मारा करावा, म्हणजे खरी वाचतील."

"हं." त्यांनी फोटो तिच्याकडे सरकवला. "अहो, पण या पाचांच्या जोरावर आपण काय काय उभं केलंय, कल्पना आहे का? दोन नवे तळ. माणसं. त्यांच्या पाचाला आपली आठ. आता मी वर जाऊन सांगू, की लाकूड होतं? तोंड दाखवायला जागा राहील? अस्पष्ट लिहा."

"स्पष्ट आहे."

"ढग होते म्हणा."

"ढग नव्हते."

"मग धूळ! वादळ झालं ना? धूळ असतेच वादळानंतर." मग आवाज उतरवून, जवळजवळ समजूत काढल्यासारखं: "राहू दे ना यादीवर. लाकडावर पडलं काय, लोखंडावर पडलं काय, आपलं काय जातं त्यात? उद्या सकाळी द्या लिहून."

तिच्या ओठांवर आलं होतं — दोन माणसं आहेत तिथं. त्यांनी भाजी लावलीय. ओठांवरचं ओठांवरच राहिलं, ती "बरं" म्हणाली आणि फोटो उचलून बाहेर आली. दारापाशी चपलेचा अंगठा अडकला, तेव्हा साहेब म्हणाले, "जपून." माणूस वाईट नाहीच.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊन तिरपं झालं होतं, फुटपाथवर सगळ्यांच्या सावल्या त्यांच्याहून मोठ्या. ती सवयीनं उंची काढत बसली — हा बुटका, ही उंच, याच्या हातात पिशवी. एवढ्या गर्दीत एकालासुद्धा ठाऊक नाही. ज्याची भीती घालून यांच्याकडून कर घेतात, यांची पोरं नेतात, ते शिडीसारखं खांद्यावर येतं, हे फक्त मला आणि त्या दोघांना ठाऊक. साहेबांनाही, पण ते तर उद्यापर्यंत विसरतील, त्यांना ती कला आहे. म्हणजे आम्ही तिघं. आणि त्या दोघांना मी आहे हेच माहीत नाही... तिला एकदम रडू आलं, आणि शेजारची बाई बघते म्हणून तिनं पदर नाकाला लावला, सर्दीच्या नावाखाली. जगात जिच्याशी कुणीतरी गुपित वाटून घ्यावं अशी मी एक बाई, आणि वाटून घेणारा मिळाला तो तिकडे, सायकलवर.

घरी आल्यावर तिनं दूध तापत ठेवलं आणि फोनजवळ स्टूल ओढून बसली. फोन वाजला की पहिली घंटा ती वाजू देते. वाट बघत बसलेली कळू नये म्हणून. कुणाला? ऐकणाऱ्याला. या फोनवर तिसरा कान असतो, तो कधी श्वास घेतो, कधी नुसताच खरखरतो.

"आई."

"बोल रे. खोकला?"

"गेला. तुझा गुडघा?"

"आहे जागेवर." तो हसला. हसला की अजून अगदी लहान वाटतो. "जेवलास?"

"जेवलो, पण चवच लागत नाही गं. हाताला रंगाचा वास येतो. कितीही धुवा, घास तोंडाशी नेला की वास."

"रंगाचा?"

"मग काय! इथं दुसरं काम काय आहे? सारखं रंगव. परवा पाऊस झाला, पोपडे निघाले, पुन्हा रंगव. आणि वाऱ्यानं एक उलटलं ना, तर आम्ही दोघांनीच ते —"

"गरम पाणी पितोस की नाही?"

ती ओरडलीच जवळजवळ. फोन खरखरला.

"आं? हो... पितो."

"खोकला गेला म्हणून लगेच गार सुरू करू नकोस. तुझं नेहमीचंच आहे. आणि बोलत फार असतोस तू. घसा आराम मागतो."

"...हो आई." त्याला कळलं होतं. त्याचा आवाज लहान झाला, शाळेत काही फोडून घरी आल्यावर व्हायचा तसा. "आई, मुदत वाढवलीय माझी. दोन वर्षं. तिकडची पाच आहेत ना, ती आणखी —" आणि मग स्वतःच, घाईनं, "हवा कशी आहे तिकडे?"

"बरी आहे. ढग नाहीत."

फोन ठेवल्यावर तिचा हात तसाच रिसीव्हरवर राहिला. आतमध्ये दूध वर येत असल्याचा आवाज होत होता, तिनं ऐकला आणि ऐकूनही उठली नाही.

आम्ही दोघांनीच. पुढे कोण, मागे कोण? मागे तोच असणार, मागे धरायची सवय आहे त्याला. वळताना सांगा तरी... शेजारणीला मी किती तोऱ्यानं सांगते, मोठ्या ठिकाणी आहे आमचा, राखणीला. लाकडाची राखण! त्यांच्या लाकडाला आपलं लाकूड. आणि हसू येईल असं वाटलं, दुपारच्यासारखं, पण ते आलं नाही, कारण तिला तिचंच वाक्य आठवलं — ही बोलवायला आहेत.

म्हणजे तिकडेही एक यादी असणार. तिकडेही, आज किंवा उद्या, आपल्या माळाचा फोटो कुणाच्यातरी टेबलावर आला असणार, परवाच्या पावसानंतरचा, कुणीतरी मोजून ठेवलेली आठ आणि आठांकडे रोखलेलं काहीतरी. तिथंही असेल एक खोली, तिथंही कुणी मोठ्यानं हसत नसेल. बाई असेल का? असू दे बाईच. तिचं भिंग चांगलं असेल का, की खरेदीखात्यानं स्वस्तातलं गळ्यात मारलं असेल? डोळे कसे आहेत तिचे? घरी कुणी आहे का तिचं, की नुसताच नळ गळतो? तिला तो दिसला असेल का — वरून, डोकं तेवढं, आणि सावली? तिनं त्याला काही नाव ठेवलं असेल का?

इतकी वर्षं या बाईनं चुकावं म्हणून मी पगार घेतला. त्यांचे डोळे आंधळे व्हावेत, त्यांचे उपग्रह भरकटावेत, असं अगदी मनापासून वाटायचं मला. आणि आज, या स्टुलावर, ती हुशार असावी म्हणून माझा जीव कासावीस झालाय, माझ्याहून हुशार, माझ्याहून हट्टी.

दूध उतू गेलं. जळका वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. तिच्या पिशवीत उद्याचा कागद होता, एक शब्द लिहायचा राहिलेला, आणि तो तिनं बाहेर काढला नाही. काढून मांडीवर ठेवला असता तरी अंधारत आलं होतं, दिवा लावायला उठावं लागलं असतं.

नीट बघ गं बाई. घाई करू नकोस. फोटो फिरवून घे आधी, सावली आपल्याकडे, म्हणजे फसणार नाहीस. मागचा आहे ना, तो माझा. त्याला गार पाणी चालत नाही. तुझे साहेब म्हणतील अस्पष्ट लिही, राहू दे यादीवर, आपलं काय जातं. बरं म्हणू नकोस. ढग नव्हते म्हण. दारातून परत फिर आणि सांग त्यांना — धूळसुद्धा नव्हती.