मोठ्याने केलेली प्रार्थना

आमच्या अर्जुनी मोरगावच्या चर्चच्या मंडळीत कुणी कुणाची चुगली करत नाही. प्रार्थनेसाठी विनंती देतात. "बहिणींनो, अमकीच्या नवऱ्यासाठी मागा, तो पुन्हा प्यायला लागलाय," असं म्हटलं की चुगली होत नाही आणि बातमी पोहोचते. बुधवारी दुपारच्या महिला प्रार्थनेत कितीतरी घरांचं आतलं देवाच्या कानावर जातं. वाटेत ते बाकीच्या बायकांच्या कानांवरून जातं, पण त्याला इलाज नाही.

या कामात संध्याबाईचा हात धरणारी कुणी नव्हती. बस स्टँडमागे तिचं शिलाईचं दुकान. माप द्यायला बाई हात वर करून उभी राहिली की का कोण जाणे, मनातलं बोलायला लागते. त्यामुळे संध्याबाईच्या गळ्यात टेप असायची आणि कानात अख्खी मंडळी. बुधवारी ती गुडघे टेकून सुरू झाली की बायका हुंदके द्यायच्या. आवाज चांगला, शब्द चांगले, आणि तपशील तर फारच चांगले. पाहुणी बसलेली असली की प्रार्थना आणखी लांबायची. पाहुण्यांसमोर भाजीतही तेल जरा जास्तच पडतं, तसं.

तर झालं असं. राखी ही तिची जुनी मैत्रीण. राखीच्या मुलीचं, सोनूचं, आमगावच्या एका मुलाशी ठरत आलं होतं. सोनूच्या ब्लाउजांचं बोलायला राखी दुकानात आली आणि सांगून गेली, की सोनूला शाळेत असताना झटके यायचे. नागपूरच्या डॉक्टरची गोळी चालू आहे, आता काही त्रास नाही, पण मुलाकडच्यांना हे सांगायचं आहे.

"पुढच्या बैठकीत डॉक्टरचे कागद घेऊन सांगणार आहो," राखी म्हणाली. "तोवर तुह्याजवळच राहू दे वो, संध्या."

संध्याबाईने ओठांत टाचण्या धरल्या होत्या, म्हणून मानेनेच हो म्हटलं.

त्याच बुधवारी महिला प्रार्थनेला आमगावची एक पाहुणी आली होती. मुलाची मावशी. संध्याबाईला ती कोण ते ठाऊक होतं, चहाच्या वेळी ओळख झाली होती. राखी त्या दिवशी नव्हती. संध्याबाईने सुरुवात साधीच केली. मग गळा भरून आला, आवाज चढला, आणि "प्रभू, तुझी लेक सोनू, तिचे ते झटके, ती रोजची गोळी, तूच तिला सोडव..." बायकांनी आमेन म्हटलं. पाहुणीने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

आठवड्याभरात आमगावहून फोन आला, की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही.

राखीने मंडळीत येणं सोडलं. संध्याबाईला कुणी बोल लावला नाही. लावणार कसा? तिने तर प्रार्थना केली होती. उलट बुधवारच्या बायकांतली चंदाबाई म्हणाली, "तू तं किती मनापासून मांगत होती वो. देवाचीच मर्जी नव्हती." देवाच्या मर्जीच्या नावावर आमच्याकडे बरंच काही टाकलं जातं, आणि संध्याबाईलाही ते टाकता आलं असतं. पण जन्मभर लोकांचं कापड कापलेली बाई होती. कातर कुणी चालवली, एवढं तरी तिला कळत होतं.

तिने पास्टर हेमराज यांना सांगितलं, की आता बुधवारी मी पुढे बसणार नाही, मला मागच्या खोलीतलं काम द्या. मागची खोली म्हणजे चर्चच्या भिंतीला लागून टिनाखालची जागा. तिथे एक नळ, एक शेगडी आणि पाय मोडलेल्या खुर्च्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे रोटीचा तुकडा आणि रसाचा पेला घेतात; त्याची सगळी तयारी तिथे होते. काळ्या मनुका भिजवून, उकळून त्यांचा रस गाळायचा, बिनखमिराची रोटी भाजायची, अंगठ्याएवढे काचेचे पेले घासून भरायचे, मेजावरच्या पांढऱ्या चादरीला इस्त्री करायची. उपासना संपली की पुन्हा घासा, धुवा, घड्या घाला.

मंडळी विरघळली. "पुढं बसणारी बहीण स्वतःहून मागं गेली," पास्टरजी उपदेशात नाव घेऊन म्हणाले. "पाहा, केवढी ही नम्रता!" त्याच वेळी मागच्या खोलीत संध्याबाईच्या हातातला पेला नळाला लागून तडकला. लपायला जागा शोधावी आणि लोकांनी नेमकं तिथे येऊन गळ्यात हार घालावा, अशी तिची गत झाली. हार काढूनही टाकता येईना, कारण काढताना कारण सांगावं लागलं असतं.

मागच्या खोलीचा एक फायदा मात्र होता. प्रभुभोजन देण्याआधी पास्टरजी दर वेळी सांगतात, कुणाशी बिघडलं असेल तर आधी ते मिटवा, मग पेला घ्या. पुढे बसलेल्याला तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर शेजारीण पाहते आणि बुधवारी त्याची विनंती होते. मागच्या खोलीतल्या बाईकडे कोण पाहतं? ट्रे भरून बाहेर जायचा, रिकामा परत यायचा. तिने घेतलाच असेल, असं सगळे धरून चालत. सोनूचं लग्न मोडल्यापासून संध्याबाईने एकदाही घेतला नव्हता.

पंचाईत ही झाली, की ते काम तिला आवडायला लागलं. पेला घासताना बोलावं लागत नाही. रस उकळेपर्यंत शेगडीजवळ ती नुसती बसायची. आयुष्यात पहिल्यांदाच देवासमोर काही न सांगता बसली असेल. देवालाही तिच्याकडून बातम्या नकोच होत्या, असं दिसलं. कधी कधी तिला इतकं शांत वाटायचं की ती दचकायची. ही शांती आपल्याला कुणाच्या पोरीच्या जिवावर मिळाली, ते लगेच आठवायचं, आणि मग ती घासलेलेच पेले पुन्हा घासायला घ्यायची.

अशात राखीच्या सासूचा, फुलवंताबाईचा निरोप आला. म्हातारी खाटेवर होती. "मंडळी मले विसरली का? प्रभुभोजन घरी आणा म्हणा." आजाऱ्याच्या घरी पास्टरजी जातात, आणि पेल्यांची टोपली धरायला मागच्या खोलीतलं माणूस. संध्याबाईने आधी कंबर दुखते म्हणून सांगून पाहिलं.

"कंबर माझीही दुखते, बहन," पास्टरजी मोटारसायकल सुरू करत म्हणाले. "पण टोपली कुणीतरी धरायला पाहिजे नं. बसा."

दार राखीनेच उघडलं. पास्टरजींना तिने 'जय मसीह की' म्हटलं. संध्याबाईच्या हातातल्या टोपलीला ती काहीच म्हणाली नाही. घर एका खोलीचं. खाटेवर फुलवंताबाई, तिच्या पायाशी सुपात तांदूळ निवडत बसलेली सोनू. पास्टरजींनी स्टुलावर चादर अंथरून टोपलीतला ट्रे ठेवला, वचन वाचलं आणि नेहमीचं ते सांगितलं, कुणाशी बिघडलं असेल तर आधी मिटवा. मग रोटीचा तुकडा आणि पेला फुलवंताबाईच्या हातात दिला, राखीला दिला, सोनूला दिला, आणि चौथा पेला संध्याबाईसमोर धरला.

या घराला मागची खोली नव्हती.

"मी नाही घेऊ शकत," संध्याबाई म्हणाली.

"काऊन? तब्येत बरी नाही का?"

"राखी, त्या बुधवारी मी..."

"पास्टरजीसमोर नोको," राखी म्हणाली.

"ते प्रार्थना नव्हती, राखी. आमगावची बाई समोर बसली होती. कोण आहे ते मले मालूम होतं. मले दाखवायचं होतं का तुह्या घरातलं सारं मले मालूम राहते."

पास्टरजींचा हात पेला धरून तसाच राहिला. याच बहिणीचं नाव घेऊन आपण भर सभेत काय काय म्हटलं होतं, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी पेला हळूच ट्रेमध्ये ठेवला.

"देवाले माह्या घरचा पत्ता मालूम नव्हता का?" राखी म्हणाली. "तुलेच सांगावा लागला?"

"चुकलं माहं."

"चुकलं नाही. तू केलं."

"तुमचं चालू द्या वो," खाटेवरून फुलवंताबाई म्हणाली. "मी घेऊन टाकतो. तुमचा फैसला होयेपर्यंत मी राहीन का नाही, कोणाले मालूम." तिने रोटी खाल्ली, पेला पिऊन टाकला, तोंड पुसलं. "पातळ केला वो रस. आधीची बाई घट्ट करत होती."

संध्याबाईचे डोळे भरले होते. तिने पदराने नाक पुसलं आणि ताठ झाली. "बुधवारी साऱ्या बायांसमोर उभी राहून सांगीन मी. जे केलं ते."

तेव्हा सोनूने सूप बाजूला ठेवलं. इतका वेळ तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"काय सांगशील, मावशी?"

"का माह्या हातून पाप झालं म्हणून."

"कोणतं पाप? ते विचारतीनच नं? मंग पुन्हा माहंच नाव, पुन्हा माहेच झटके. तू रडशील, त्या रडतीन, आन् मंग म्हणतीन, पाहा, केवढ्या मोठ्या मनाची बाई."

संध्याबाईने हातातला पदर सोडला.

"आई म्हणते लग्न मोडलं, लग्न मोडलं," सोनू म्हणाली. "लग्नाचं तेवढं नाही मले. त्याले मी सोताहून सांगणार होती. फोनवर नाही, समोर बसवून. काय बोलायचं, कसं बोलायचं, सारं ठरवून ठेवलं होतं. ते माहं बोलणं तू बोलून टाकलं."

राखी मुलीकडे पाहतच राहिली. हे तिलाही आजच कळत होतं.

"मंग मी काय करू, बाई?" संध्याबाईने विचारलं. वयाने आणि मानाने मोठी बाई त्या पोरीला अगदी खालच्या आवाजात विचारत होती.

"माहं नाव घेऊन प्रार्थना नोको करू. मोठ्यानं नोको आन् मनातही नोको."

पास्टरजींनी बोलण्यासाठी श्वास घेतला. अशा वेळी म्हणायचं त्यांना बरंच पाठ आहे. मग त्यांनी तो श्वास तसाच सोडला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या उपदेशांत हा फार वरच्या प्रतीचा म्हणावा लागेल.

राखीने आपला पेला ट्रेमध्ये परत ठेवला. सोनूने स्वतःचा घेतला. "माह्या मनात होतं ते बोलली मी," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

परतताना मोटारसायकलवर संध्याबाईने टोपली मांडीवर घट्ट धरली होती. तिने शिक्षेची तयारी केली होती. राखी शिव्या देईल, बोलणं तोडेल, मंडळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं तिचं मनात भोगूनही झालं होतं. आपण काही भोगलं की प्रकरण मिटतं, असा आपला समज असतो. उभं राहून रडणं तर तिला मुळीच जड नव्हतं. तो तिचा हातखंडा होता. पोरीने नेमकं तेच काढून घेतलं.

पुढच्या बुधवारी ती महिला प्रार्थनेला आली ती चहा करायला. दाराशी बसली. पुढे आता चंदाबाई बसत असे, आणि ती संध्याबाईचं पाहूनच शिकली होती. तीच भरलेली सुरुवात, मध्येच तो थांबलेला आवाज, मग एकदम नाव. कोपऱ्यात मंडळीतल्या गजेंद्रभाऊंची सून बसली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि बायकांत पहिल्यांदाच आली होती.

"हे प्रभू," चंदाबाईचा गळा भरून आला, "आमच्या गजेंद्रभाऊच्या सुनेवर नजर टाक. लेकरू तिच्या..."

खोलीतले हुंदके थांबले. ऐकायचं असलं की बायका रडत नाहीत. कोपऱ्यातल्या पोरीने पदर मुठीत आवळला.

संध्याबाईने गाणं सुरू केलं.

भर प्रार्थनेत, डोळे उघडे ठेवून, घसा ताणून. बोलताना गोड वाटणारा तिचा आवाज गाण्यात कुठल्याच सुरावर बसत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाही. पहिली ओळ ती एकटीच गायली. चंदाबाई थांबली आणि तिने एक डोळा उघडला. दुसरी ओळही एकटीच. भजन एकटं पडू देणं आमच्याकडे बरं दिसत नाही, म्हणून तिसऱ्या ओळीला दोघी-तिघींनी नाइलाजाने साथ धरली, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोंधळात चंदाबाईचं उरलेलं वाक्य राहून गेलं.

"हे काय होय वो?" भजन संपल्यावर चंदाबाई तडकली. "प्रार्थनेच्या मंधात? आंगात काही घुसलं का?"

"लय दिवस मागं राहिली तं जळून राहिली," दुसरी म्हणाली.

"मी तं पहिलेच म्हणत होती. नम्रता-बिम्रता काही नाही."

इतक्या महिन्यांच्या नम्रतेची जमा एका दुपारी उडाली. संध्याबाईजवळ उत्तर होतं आणि चांगलं होतं, सगळ्यांना रडवील असं होतं. पण ते द्यायचं तर सोनूचं नाव घ्यावं लागलं असतं आणि कोपऱ्यातल्या त्या पोरीकडे बोट करावं लागलं असतं.

"गाणं आठवलं," ती म्हणाली. यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. ती चहा ओतायला उठली. चंदाबाईने तिच्या हातचा चहा घेतला नाही. गजेंद्रभाऊंच्या सुनेने घेतला, पण बाकीच्यांकडे एकदा पाहून.

तक्रार पास्टरजींकडे गेली. ते मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "भर प्रार्थनेत काऊन गायलं, बहन?"

"नोका विचारू, पास्टरजी."

ते मान डोलावून गेले. रविवारच्या उपदेशात त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. चंदाबाईला ते फार लागलं.

संध्याबाईचं ओझं कमी झालं असेल, असं मात्र कुणी समजू नये. राखी अजून मंडळीत येत नाही. पहिल्या रविवारी ट्रे बाहेर जातो, रिकामा येतो, आणि मागच्या खोलीतली बाई अजून पेला घेत नाही. फक्त आता तिने पास्टरजींना तसं सांगून ठेवलं आहे. काम करताना इतक्या वर्षांच्या सवयीने सोनूचं नाव तिच्या ओठांवर येतं. प्रार्थना आपोआप सुरू होणार, इतक्यात ती ओठ मिटते आणि पुढचा पेला घासायला घेते.