अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस

पाहुणे अकराला येणार होते. साडेदहालाच मुख्याध्यापक मल्लिकार्जुन सरांनी राजेश्वरी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"यादी तीच ठेवायची," ते म्हणाले. "जुलैची."

राजेश्वरी अक्कलकोट रोडजवळच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि तीन वर्षांपासून करिअर कक्षही सांभाळायच्या. दहावीच्या मुलांना पुढच्या वाटा दाखवायच्या, कॉलेजं बघायला न्यायचं, प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायचे. बहुतेकांचे आईबाप टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत कामाला. पुण्याची एक संस्था या कक्षाचा खर्च उचलायची. गेल्या जुलैत शाळेनं तिला अहवाल पाठवला होता: अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस प्रवेश. खाली राजेश्वरींची सही.

आता जानेवारी उजाडला होता आणि त्यातल्या सात मुलांनी शिक्षण सोडलं होतं. राजेश्वरींना ते दिवाळीनंतर कळलं, तेसुद्धा भाजी घेताना भेटलेल्या एका पालकाकडून.

"सर, सात जण आता शिकत नाहीत."

"प्रवेश झाले होते का नाही? मग खोटं काय त्यात?" सर पुढे झुकले. "मॅडम, यंदाची पन्नास पोरं वर्गात बसलीत. ही संस्था गेली तर त्यांना काय सांगणार तुम्ही?"

राजेश्वरी फाइल घेऊन बाहेर आल्या.

संस्थेचे उदयसिंह वेळेवर आले. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी वर्ग पाहिला, मुलांशी गप्पा मारल्या, मग केबिनमध्ये बसून फाइल उघडली.

"सगळेच्या सगळे शिकतायत? छानच," ते म्हणाले. "एखाद्याशी फोनवर बोलू या का? मुलांच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं."

"आत्ता कॉलेजात असतील सगळी," सर हसून म्हणाले.

"लावून तर बघू." त्यांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं. राजेश्वरी त्या बोटाकडे बघत होत्या. एकेचाळीस नावं ठीक होती. बोट नेमकं वैष्णवीच्या नावावर थांबलं. "इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा. हिलाच लावू."

फोन स्पीकरवर होता. चार वेळा वाजला.

"कोन बोलतंय?" वैष्णवीच्या आईचा, गोजरबाईंचा आवाज.

"वैष्णवीच्या शाळेतून बोलतोय. ती आहे का?" उदयसिंहांनी विचारलं.

"न्हाय की. कामावर गेली. टावेल शिवायला जाती ती."

"सुट्टीत काम करते वाटतं," सर घाईनं म्हणाले. "फार कष्टाळू मुलगी."

"जानेवारीत सुट्टी?" उदयसिंहांनी राजेश्वरींकडे पाहिलं. सरही त्यांच्याकडेच बघत होते, टक लावून. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सुट्टी नाही," त्या म्हणाल्या. "तिनं कॉलेज सोडलंय. आणखी सहा जणांनी सोडलंय. यादी जुनी आहे, आणि सही माझी आहे."

"मॅडम!" सर उभे राहिले.

"का सोडलं तिनं?" उदयसिंहांनी विचारलं.

राजेश्वरींनी यादीवरच्या त्या नावाकडे पाहिलं. "मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

फोन चालूच होता. "कुनीच इचारलं न्हाय," पलीकडून गोजरबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

उदयसिंहांनी फाइल मिटली. आठ दिवसांत कळवतो, एवढंच बोलून ते गेले. सरांनी राजेश्वरींकडे न बघता सांगितलं, "पन्नास पोरांचं वाटोळं केलंत तुम्ही."

संध्याकाळी सहाला राजेश्वरी चौकशी करत वैष्णवीच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभ्या होत्या. शिफ्ट सुटली. सायकली, मोटारसायकली, मग बायकांचा घोळका. वैष्णवीच्या केसांत, भुवयांत सुताचा भुगा होता. मॅडमना बघून ती पाठ फिरवून निघालीच होती. राजेश्वरींनी हाक मारली.

"आईनं सांगितलं मला फोनवर," वैष्णवी म्हणाली. "तुमच्या कागदावर मी कॉलेजात हाय म्हनं."

"चुकलं माझं. का सोडलंस, बाळ?"

"आता इचारताय?" तिचा आवाज चढला. बायका थांबून बघू लागल्या. "तिथं सगळं इंग्रजीत. सर काय बोलायचे एक अक्षर कळायचं न्हाय. पहिल्या परीक्षेत पंचवीसात तीन पडले. शाळेत मी पहिली यायची, मॅडम! कुनाला तोंड दाखवू? तुमाला फोन लावला होता दोनदा. तुमी म्हनलात, नंतर बोलते."

राजेश्वरींना ते आठवलं. सप्टेंबर होता, विज्ञान प्रदर्शनाची धावपळ चालली होती.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "नंतर बोललेच नाही."

वैष्णवीनं चेहरा ओढणीनं पुसला. दोघी बसथांब्यापर्यंत शेजारी शेजारी चालत गेल्या.

आठव्या दिवशी पत्र आलं. संस्था फक्त एक वर्ष मदत करणार होती, आणि अट होती की प्रवेशानंतरही वर्षभर प्रत्येक मुलाची खबर शाळेनं ठेवायची. सरांनी पत्र राजेश्वरींच्या टेबलावर ठेवलं आणि दोन महिने कामापुरतंच बोलले.

राजेश्वरी सातही मुलांच्या घरी गेल्या. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. गणिताच्या संगमेश सरांना सोबत घेऊन त्यांनी शाळेत दर रविवारी डिप्लोमाच्या इंग्रजी पुस्तकांचा वर्ग सुरू केला. मराठीतून समजावायचं, मग तेच इंग्रजीत वाचायचं. पहिल्या रविवारी तिघं आले. वैष्णवी नव्हती. दुसऱ्या रविवारीही नव्हती.

तिसऱ्या रविवारी ती उशिरा आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. तासभर वहीत मान घालून होती. संगमेश सर फळा पुसायला वळले तसा तिनं हात वर केला.

"सर, थांबा. ही वरची ओळ मला कळली न्हाय."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. ऑगस्टमध्ये तिनं पहिल्या वर्षाला पुन्हा प्रवेश घेतला.