नेलपॉलिश लावलेला गोटा

"पप्पा, बेटावर टाकलेली वाळू तुम्ही आणली कुठनं?"

संयोगितानं हे विचारलं ते पैजेवर. तिच्या वर्गमैत्रिणी अनुजा आणि श्रुती दाराआड तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. अमरसिंहांच्या मिशांना आणि आवाजाला अख्खं गाव वचकून असायचं. त्यांना असलं काही विचारायची टाप कुणाची नव्हती, म्हणून तर दोघींनी संयूला डिवचलेलं, "इचारून दाखव की!"

अमरसिंह हसले. "वाळूला काय आधार कार्ड असतंय व्हय? जयसिंगपूरच्या डेपोतनं आणली. का गं?"

"सहजच की!"

संयू उड्या मारतच बाहेर आली. गेल्या वर्षापर्यंत ही वर्गात कधी हात वर करायची नाही. यंदा नववीत मात्र तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. कृष्णेच्या पात्रातलं घाटासमोरचं बेट दर पुराला झिजत चाललंय, तिथं अंडी घालणारे नदी सुरय पक्षी आता जाणार कुठं, हे तिनंच भर वर्गात उभं राहून विचारलं होतं. सरांनी ते उचलून धरलं. फेब्रुवारीत पाणी उतरल्यावर पप्पांनी ट्रॅक्टर लावून सहा ट्रॉल्या वाळू ओतली आणि पोरींनी पाट्यांनी ती पसरली. उद्या शाळेत पप्पांचा फेटा बांधून सत्कार होता. भाषण संयूचं.

पैज जिंकल्याच्या तोऱ्यात ती दोघींना घेऊन बेटावर गेली. बेटावर एकही सुरय नव्हता. अनुजा वाळू उकरत बसली आणि एकदम ओरडली, "अय्या, दगडाला नेलपॉलिश!"

संयूचं हसू तिथंच विरलं. गुळगुळीत गोटा, त्यावर जांभळा ठिपका. आक्काच्या लग्नातली नेलपॉलिश. गेल्या उन्हाळ्यात नदीच्या वरच्या वळणावर, वाकणातल्या वाळूत तिला सुरयची तीन अंडी दिसली होती. काडी नाही, गवत नाही, नुसती उघडी वाळू. जागा चुकू नये म्हणून तिनं शेजारी हा गोटा ठेवलेला. ती जागा तिनं एकाच माणसाला दाखवली होती. पप्पांना. दोघं बाप-लेक काठावर पालथे पडून किती वेळ अंडी बघत होते. "कुणाला सांगू नगंस," असं पप्पांनीच बजावलेलं.

"मी आलो," एवढंच म्हणून तिनं सायकल दामटली.

वाकणात वाळू नव्हती. काळा चिखल होता आणि चिखलात टायरची नक्षी. वर दोन सुरय ओरडत घिरट्या घालत होते. खाली यायचे, टेकायला जागा शोधायचे, परत वर जायचे. पंधरा दिवसांवर त्यांची अंडी घालायची वेळ आली होती.

ती घरी आली तेव्हा आई उद्याच्या फेट्याच्या घड्या घालत होती. संयूनं गोटा पप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो डेपोत मिळाला व्हय?"

अमरसिंहांनी गोटा उलटापालटा केला. ओळखला. मिशीवरचा हात खाली आला.

"डेपोत वाळू मिळंना. सरांनी तारीख दिलेली, तू गावभर सांगून बसलीस. तोंडघशी पडली असतीस. आणि वाळू ती वाळू. तिथली हितं आणली, पाखरंबी येतील की मागनं."

"हितं कुत्री येत्यात, पोरं सेल्फी काढत्यात. म्हणूनच ती तिकडं गेलती! मी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"तुझ्यासाठीच केलं की गं!"

"मग मगाशी खोटं कुणासाठी बोललासा?"

संयूनं आईकडं बघितलं. आईनं मान वर केली नाही, नुसती घडी पुन्हा मोडून घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सगळं घर तिच्या भाषणाच्या तालमीला टाळ्या वाजवत होतं, आणि सगळ्या घराला ठाऊक होतं.

"संयू, उद्याचा दिवस जाऊ दे," आई हळूच म्हणाली. "लोकांत शोभा नगं."

संयूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज काही कापला नाही.

"उद्या भाषण मीच करणार. वाळू कुठली हाय ते माइकवर सांगणार, जागा मी दाखवलेली तेबी सांगणार. त्यावर फेटा बांधून घ्यायचा तर घ्या. आणि परवापास्नं ही वाळू माघारी वाकणात न्यायची. ट्रॅक्टर दिलासा तर बरं, न्हायतर माझी पाटी हाय."