शिल्लक बघण्याचे पैसे

दोरीला बांधलेलं पेन. जिथं पेनाला दोरी बांधावी लागते तिथं माणसाचा माणसावरचा विश्वास संपलेला असतो — काउंटरपाशी उभ्या इस्त्रीवाल्याच्या मनात हे वाक्य इतकं भारी उमटलं की ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणावं असं त्याला वाटलं. मग त्यानं तक्रार लिहायला पेन उचललं, तर आतली रिफिलच कुणीतरी नेलेली. म्हणजे बँकेचंही अगदीच चुकत नव्हतं.

हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. आज अर्धी रजा टाकून, स्वतःचा सदरा कडक करून तो भांडायला आला होता, कारण पगार खात्यात पडायचा आणि कुणी न काढताच झिजायचा — ओल्या फरशीवर ठेवलेल्या साबणाच्या वडीसारखा.

"काका, चोरीबिरी काही नाही," खिडकीतली मुलगी पासबुक उलटत म्हणाली. "तुम्ही कामावरून सुटताना रोज मशीनवर शिल्लक बघता ना? ते मशीन दुसऱ्या बँकेचं. महिन्यात तीनदा फुकट, पुढं दर वेळी पैसे कापतात."

"अहो, पण मी नुसतं बघितलं! हात नाही लावला!"

"बघण्याचेच ते. मग शिल्लक कमी पडली म्हणून दंड. आणि दंड झाल्याचा मेसेज पाठवला, त्याचे वेगळे."

मागं रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. त्याचे कान तापले.

नुसतं बघितलं… कमी झालंय का म्हणून — आणि कमी झालेलंच असे, म्हणून उद्या पुन्हा. जखम भरली का ते रोज खपली काढून बघावं, तसं. आणि चार दिवसांपूर्वी… नको, ते नको. पण आठवण काय परवानगी मागून येते? मशीनचं कार्ड तेव्हा कामावरून आल्यावर साखरेच्या डब्यात जायचं, सगळ्यात वरच्या फळीवर. तिथं बायकोचाच हात पोचायचा, सकाळी तीच काढून द्यायची — ती त्याच्याहून चार बोटं उंच, लग्नात फोटोवाल्यानं त्याला पाटावर उभं केलं होतं. "तुझ्या भावाला पैसे दिलेस ना काढून?" तो म्हणाला होता. तो कसला… मीच म्हणालो. तोंड माझंच होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओले हात पुसले, डबा काढला, कार्ड समोर ठेवलं. "घ्या. झोपताना उशाखाली ठेवत जा." तेव्हापासून ताट वेळेवर येत होतं, शब्द येत नव्हता.

घरी जाताना तो वाक्यं जुळवत राहिला. 'बँकच चोर निघाली' — खरं होतं, पण त्यात तो स्वतः कुठंच नव्हता. 'माझं चुकलं' — यात फारच होता. मशीनपाशी पाय सवयीनं थबकले, आणि उधारी थकलेल्या दुकानासमोरून जावं तसा तो मान खाली घालून पुढं सटकला.

ती ओट्याशी पाठमोरी होती.

"काय म्हणाले बँकवाले?"

चार दिवसांतलं पहिलं वाक्य. आजवर त्यानं किती सुरकुत्या मोडल्या असतील, पण ही कुठल्या टोकाला धरून ताणायची ते कळेना. खिशातलं कार्ड घामानं ओलं झालं होतं. ते मुठीत धरून त्यानं टाचा उचलल्या, दुसरा हात वरच्या फळीकडे नेला… चार बोटं कमी पडला.

"जरा साखरेचा डबा काढून देतेस?"