हुलिगेव्वानं लोणी खाल्लं नव्हतं

मी एक जुना पडदा आहे. माझ्यात कापड सोडून सगळं आहे.

हसू नका, मित्रांनो. लोखंडी पाइपांच्या तीन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या, खाली चाकं आणि त्यांतलं एक कायम रुसलेलं, असा माझा देह आहे. तुंगभद्रेच्या काठच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत मी उभा असतो. मला सगळे 'स्क्रीन' म्हणतात. माझ्या या बाजूला उभं राहिलं की त्या बाजूचं सगळं स्वच्छ दिसतं. स्वच्छ म्हणजे स्पष्ट. स्वच्छ तिथं काहीच नाही.

माझा जन्म हुबळीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. ज्या पाइपातून मी निघालो, त्याच पाइपाचा उरलेला तुकडा एका कोंबडीवाल्याच्या खुराड्याला लागला. तो माझा सख्खा भाऊ. त्याच्याकडच्या कोंबड्यांना निदान गोणपाटाचा आडोसा होता, असं मी नंतर ऐकलं.

मी दवाखान्यात आलो तेव्हा माझ्या अंगावर हिरवं कापड होतं. बायका माझ्याआड आल्या की जरा सैल व्हायच्या. एका बाईनं तर कळ आल्यावर माझा पाइप घट्ट धरला आणि कळ गेल्यावर "तुझं बरं होवो रे बाबा" असं म्हणाली. मला आयुष्यात मिळालेली शाबासकी तेवढीच. पुढं झेंडावंदनाच्या टेबलावर अंथरायला कापड कमी पडलं, म्हणून माझी पहिली चौकट उघडी झाली. दुसरीचं कापड रुग्णवाहिकेची काच पुसायला गेलं. तिसरीचं धोब्याकडे गेलं ते त्याच्या संसारालाच लागलं.

पण नियम म्हणजे नियम. बाई टेबलावर चढली की सिस्टर ओरडायच्या, "अगं, स्क्रीन लावा की! लाज हाय का नाय?" मग आया मला ढकलत आणायची आणि माझ्या तीन भोकांतून खोलीतली सगळी माणसं त्या बाईची लाज राखायची. एकदा वरून तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "पडदा आहे?" सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी माझ्यातून आरपार पाहिलं, पलीकडे पाय फाकवून पडलेल्या बाईशी त्यांची नजरानजर झाली, आणि ते म्हणाले, "आहे."

त्या वर्षी आम्हाला उत्तम दवाखान्याची ढाल मिळाली.

मित्रांनो, या खोलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही सगळे कधीतरी अशा खोलीतून बाहेर आला आहात आणि तुम्हाला काहीही आठवत नाही. नशीबवान आहात. टेबलावरची रबरी चादर ज्या फडक्यानं पुसतात, त्याच फडक्यानं फरशी पुसतात. बादलीवर झाकण नाही, माश्या आहेत. बाईच्या आईला आत यायला बंदी आहे, मांजरीला नाही. मांजर रोज येते, बादलीपाशी बसते आणि जाताना जीभ फिरवत जाते. ती काय खाते ते मी सांगणार नाही, कारण तुम्हाला अजून जेवायचं असेल. कळांनी ओरडणाऱ्या बाईला इथं मांडीवर चापट मिळते आणि वर एक वाक्य ऐकायला मिळतं, "तवा नाय वरडलीस, आता कशाला वरडतीस?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला कान नसूनही ते माझ्या गंजात बसलं आहे.

हुलिगेव्वा या खोलीत आली ती सकाळी. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आलेली. बरोबर तिची आई फकीरव्वा होती. तिला दारातच थांबवलं. दार उघडंच असतं, पण नियमानं ती बाहेर होती.

ड्युटीवर डॉक्टर रक्षिता होत्या. त्या मैसूरकडच्या, नुकत्याच रुजू झालेल्या, पेशंटला 'तुम्ही' म्हणणाऱ्या आमच्याकडच्या एकमेव. हुलिगेव्वाला तपासून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाळाचे ठोके मंदावत होते, मूल अडलं होतं. "सिझर करायला हवं, लगेच," त्या म्हणाल्या. इथवर सगळं बरोबर होतं. मग भूल देण्याआधी सगळेच डॉक्टर विचारतात तो प्रश्न त्यांनी विचारला, कारण भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्या भागातल्या कानडीत कळांना 'ब्यानी' म्हणतात. आणि आमच्या बायकांना कळा येत नाहीत. त्या कळा खातात. भाकरी खावी तशी बाई ब्यानी खाते, असंच आमच्याकडे बोलतात. मैसूरकडे दुखण्याला 'नोवु' म्हणतात, ब्यानी हा शब्द तिकडे पोचलेलाच नाही. लोणी मात्र सगळीकडे पोचलं आहे. त्याला म्हणतात 'बेण्णी'.

"शेवटचं काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ब्यानी," हुलिगेव्वा दात आवळून म्हणाली.

"काय खाल्लंत?"

"ब्यानी खायलीय डॉक्टर, कालधरनं."

"बेण्णी? कालपासून? किती खाल्लंत?"

"किती म्हंजे? लई! आता सोसंना झालंय."

"अहो, पण दिलं कोणी तुम्हाला?"

"कोन देनार वं? बाईचा जन्म दिला तवाच देवानं पदरात घातलं."

"घरात अजून कोणी खाल्लं का?"

"ह्यात कोन वाटेकरी आसतंय व्हय!" असं म्हणून हुलिगेव्वा रडायला लागली.

डॉक्टरांनी आयुष्यात बरेच पेशंट पाहिले असतील, पण सगळं लोणी एकटीनं खाल्लं म्हणून रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. शिकताना त्यांना सांगितलंच होतं, की खेड्यात सुटका सोपी व्हावी म्हणून दिवस भरलेल्या बाईला तूप-लोणी चारतात. त्यांनी भूलतज्ज्ञांना फोन लावला. "सर, पोट भरलेलं आहे. लोणी खाल्लंय, तेही भरपूर." भूलतज्ज्ञ त्या वेळी आपल्या खासगी दवाखान्यात होते. ते म्हणाले, मग पोट रिकामं होऊ द्या, संध्याकाळी बघू. संध्याकाळ त्यांना तशीही सोयीची होती.

आमच्या कस्तुरी सिस्टर याच मातीतल्या. हुलिगेव्वाचं सगळं बोलणं त्यांना कळलं असतं. पण त्या पलीकडच्या टेबलावर एका बाईच्या पोटावर कोपरानं जोर देत होत्या आणि त्याच वेळी आयाला साडीच्या काठाबद्दल सांगत होत्या. डॉक्टरांचं फोनवरचं 'लोणी' तेवढं त्यांच्या कानावर पडलं. "लोणी खाऊन आली व्हय गं?" त्या तिथूनच ओरडल्या. "मज्जा हाय बाई एकेकीची!"

हुलिगेव्वाला काही कळेना. तिनं माझा पाइप धरला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या दुपारी मी वाकलो. उजव्या चौकटीला अजून बाक आहे.

"सिस्टर, आईला बोलवा."

"आई काय करनार हाय? तिचं करून झालंय."

"पानी द्या घोटभर."

"लोण्यावर पानी? गप पड."

आणि मग, ऊन खिडकीतून बादलीपर्यंत सरकलं तेव्हा, हुलिगेव्वा एकदा किंचाळली. त्या किंचाळीनं मांजरसुद्धा उठून उभी राहिली. मग एकदम शांत झालं. माझ्या पाइपावरची तिची पकड सुटली. कळा थांबल्या.

"बघ," कस्तुरी सिस्टर म्हणाल्या, "झाली ना गप? उगंच तमाशा."

"अक्का," हुलिगेव्वा हळूच म्हणाली, "आतनं कायतरी फाटलं."

"सगळ्यांचंच फाटतंय गं."

मी तिचं त्या दिवशी काहीच झाकू शकलो नाही. म्हणूनच दाराबाहेरून फकीरव्वाला माझ्यातून पोरीचं तोंड दिसलं. ओठ राखेसारखे झाले होते. शिपायानं हात आडवा घातला, तेव्हा फकीरव्वा म्हणाली, "मांजर सोडतोस आणि मला अडवतोस? मग मी बी मांजरच समज!" आणि ती त्याच्या हाताखालून आत घुसली.

"डॉक्टर! माझी पोर चालली!"

डॉक्टर रक्षिता धावत आल्या. "आजी, बाहेर थांबा. तुम्ही लोणी चारलंत म्हणून आम्हाला थांबावं लागतंय."

"काय चारलं?"

"लोणी! कालपासून खातेय, तिनंच सांगितलं."

फकीरव्वानं पोरीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. "आवं, आमच्यात म्हैसच न्हाई! घरात ताकाचा थेंब न्हाई, लोनी कुठलं चारू?"

"पण ती म्हणाली, बेण्णी खाल्ली."

"ब्यानी, डॉक्टर! ब्यानी! ब्यानी खायलीय ती!"

कस्तुरी सिस्टरांना हसू फुटलं. "अय्यो मॅडम, ब्यानी म्हंजे कळा वं!" मग त्यांची नजर हुलिगेव्वाच्या पोटावर गेली. पोटाचा आकारच बदलला होता. सिस्टरांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, त्याला उतरायला जागा सापडली नाही.

त्यानंतर मात्र सगळे धावले. भूलतज्ज्ञ संध्याकाळच्या आत आले. पोट रिकामं आहे का, हे कोणी विचारलं नाही. घाईत मला कोणीतरी लाथ मारून बाजूला केलं, आणि माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात उपयोगी काम होतं.

मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली. हुलिगेव्वाही जगली. गर्भाशय मात्र फाटलं होतं, ते काढून टाकावं लागलं.

हे तिला कोणी सांगितलं नाही. मला बाळंतिणींच्या वॉर्डात नेऊन तिच्या खाटेपाशी उभं केलं होतं, म्हणून मला माहीत आहे. जखम पुसता पुसता कस्तुरी सिस्टर म्हणाल्या, "एक बरं झालं बघ, पाळीची कटकट गेली तुझी." हुलिगेव्वाला कळलं ते असं. जो येई तो तिला एकच विचारी, "बाळ ठणठणीत हाय न्हवं? मग झालं तर!" मोठे डॉक्टर आले, तेही हेच म्हणाले. फळं वाटायला आलेले पुढारी हेच म्हणाले आणि केळं बाळाच्या उशाशी ठेवून गेले. बाळ एका दिवसाचं होतं.

लोण्याची गोष्ट तोवर तालुक्यात पसरली होती. खरी नव्हे, पहिली. मोठ्या डॉक्टरांनी तर दाराबाहेरच्या भिंतीवर रंगवून घेतलं: 'गरोदर स्त्रियांनी लोणी खाऊन दवाखान्यात येऊ नये.'

तिसऱ्या दिवशी गावाहून सासू आली. दुंडव्वा तिचं नाव. तिनं नात मांडीवर घेतली आणि विहिणीकडे बघून सुरू केलं, "लाड करा आजून! माहेरात लोनी चारलं आणि माझ्या सुनंची पिशवी घालवली. आता नातवाचं तोंड कुठं बघू मी? तुमच्या गाडग्यात?"

 फकीरव्वा सांगून सांगून दमली होती. भिंतीवर रंगवलेलं असल्यावर कोणाचं ऐकणार?

घरी सोडायच्या दिवशी हुलिगेव्वा खाटेवरून उतरेना. आया म्हणाली, खाट पाहिजे, दोघी खाली झोपल्यात. हुलिगेव्वानं माझा पाइप धरला. "त्या मैसूरच्या डॉक्टरीनबाईस्नी बोलवा. त्याबिगर मी जात न्हाई."

डॉक्टर रक्षिता आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. खाटेपाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हुलिगेव्वा, माझं चुकलं. मला तो शब्द कळला नाही."

"शबूद न्हाई कळला. बरं," हुलिगेव्वा म्हणाली. "तोंड दिसत हुतं की माझं! तोंडबी मैसूरचंच लागतंय व्हय तुमास्नी?"

 डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून खिशात ठेवली.

"आता म्हना," हुलिगेव्वा म्हणाली.

"काय?"

"ब्यानी. म्हना."

"बे... ब्यानी."

"मी काय खाल्लं?"

"ब्यानी."

"आता ह्या माझ्या सासूस सांगा. मोठ्यानं."

डॉक्टर दुंडव्वाकडे वळल्या. "तुमच्या सुनेनं लोणी खाल्लेलं नव्हतं. ती कळा खात होती. मी चुकीचं ऐकलं आणि थांबले. थांबले नसते तर पिशवी वाचली असती. तिची चूक नाही. तिच्या आईचीही नाही."

दुंडव्वानं नातीची कुंची नीट केली. पुन्हा नीट केली. "म्हंजे लोनी न्हवतंच?"

"नव्हतं."

"आता गं बाई! मी तर आख्ख्या गावाला सांगून बसले की."

"मग आख्ख्या गावाला परत सांगा, अत्ती," हुलिगेव्वा खाटेवरून उतरत सासूला म्हणाली. "एकेकाच्या दारात जाऊन. आणि सांगून सांगून तोंड दुखलं, तर तुमीबी घासभर ब्यानी खावा."

आणि आईच्या खांद्याला धरून, एकेक पाऊल टाकत ती गेली. दुंडव्वा नात घेऊन मागोमाग निघाली. दारातून बाहेर पडता पडताच तिनं शिपायाला गाठलं, "आरं, ऐक, लोनी न्हवतं बरं का ते." पहिला माणूस झाला. गाव बराच मोठा आहे.

भिंतीवरची सूचना मात्र तशीच आहे. ऑइलपेंट आहे, निघत नाही, असं मोठे डॉक्टर म्हणतात.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला जपा, पुसा, रंग द्या, फेकू नका. मला यातलं काही नको. तुम्ही फक्त एक करा. आज घरी गेल्यावर आईला विचारा, मी झालो तेव्हा तुला काय काय झालं? ती म्हणेल, "काही नाही रे, झालं ते झालं." तेव्हा परत विचारा. मग ती कदाचित हातातलं काम थांबवेल आणि सांगायला लागेल. ती सांगत असताना मध्येच एक वाक्य तुमच्या जिभेवर येईल, "पण मी तर ठणठणीत आहे ना?"

ते गिळा. आणि तिचं पुढं ऐका.