वाघजाईला जागा

बागेच्या फाटकाशी येताच महिपती आणि रतनबाईनं वहाणा काढून हातात घेतल्या. रखवालदार हसला. "अहो आबा, घाला पायात. सरकारी बाग आहे ही, देऊळ नाही." महिपतीनं मान हलवली, पण वहाणा काही घातल्या नाहीत.

त्याचं तरी काय चुकलं? रेल्वेत कामाला असलेल्या नथूनं गावात सांगितलं होतं, लोणावळ्यात साहेबांच्या वेळची जुनी बाग आहे, तिथं पानाला हात लावू देत नाहीत. टाकव्याच्या वरच्या अंगाला जन्म काढलेल्या माणसाला असं रान एकच ठाऊक : देवराई. महिपतीच्या गावालाही होती, आणि तिथल्या वाघजाईची पूजा वाडवडिलांपासून त्याच्याच घरात. आता धरणाचं पाणी चढत होतं. राई बुडणार, गाव बुडणार. माणसं वाट फुटेल तिकडं पांगली, पण देवीला कोणी जागा देईना. म्हणून महिपतीनं तिचा शेंदरी तांदळा, तो नाकडोळे नसलेला पाषाण, घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरला आणि कामशेतला गाडीत बसला.

दोघांनी सावकाश सगळी बाग पालथी घातली. बाकांवर शहरातली मंडळी शेंगा खात बसली होती. रतनबाई एकेका झाडाखाली थांबे, वर बघे. "हितं ऊन लागंल." "हितं पोरं खेळत्यात, धक्का लागंल." लेकीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी ती खोट काढत होती. शेवटी पार कोपऱ्यात एक म्हातारं जांभळाचं झाड तिच्या मनास आलं.

महिपतीनं तांदळा मुळाशी टेकवला. कौल घेतल्याशिवाय देवी बसवत नाहीत. फूल तोडायचं नव्हतं, म्हणून रतनबाईनं खाली पडलेली तगरीची दोन फुलं वेचली, भिजवली आणि देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"आई, हितं नांदशील का?" महिपतीनं हात जोडले. खरं सांगायचं तर त्याला नकार हवा होता. ती नको म्हणाली की पुन्हा पोटाशी धरून न्यायची, आपण जिथं तिथं ती. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शब्द तोंडातून निघाला न निघाला तोच उजवं फूल टपकन पडलं.

गावात हीच देवी कौलासाठी अर्धा अर्धा दिवस ताटकळत ठेवायची. लग्नं खोळंबायची, पेरण्या खोळंबायच्या. आज मात्र एका दमात होकार! महिपतीला फार लागलं. एवढ्या पिढ्यांची चाकरी, आणि तिनं जरा आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. त्याचे डोळे भरून आले. "ब्येस झालं," तो म्हणाला. "बुडन्यापरीस बरं."

रतनबाईनं पडलेलं फूल उचलून पुन्हा भिजवलं आणि चिकटवलं.

"अगं, आता काय?"

"तिचं झालं. आता आपलं इचारा. कान्हे गावाला लेकीच्या दारात जायचं, का म्हमईला?"

उजवं पडलं तर लेक, डावं पडलं तर मुंबई. महिपतीनं विचारलं आणि दोघं समोर बसून राहिले. सावल्या लांबल्या. बाकं रिकामी झाली. रखवालदार फाटक लावायच्या आधी हाकारत आला, "चला आबा, बाग बंद करायचीय." दोन्ही फुलं देवीच्या अंगाला तशीच चिकटून होती.

"थांबा वाईच," रतनबाई त्याला म्हणाली, "तिनं अजून सांगितलं न्हाई."