दोन बोटं जास्त

मास्तरांनी सकाळी कपाटातून स्वतःच शिवलेला लग्नातला कोट काढून अंगात घातला, तेव्हाच त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, गाडीची बॉडी चढवायचीय ना? की गाडीला मागणी घालायला निघालात?"

मास्तर शिंपी होते, आणि कुठलंही मोठं काम साध्या शर्टात होत नसतं असं त्यांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या हातची एकही पँट दुरुस्तीला परत आली नव्हती. ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. कुणी भेटलंच नाही तर आरशाला ऐकवत.

दुकान बंद केलं त्याच महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या खुराड्यात त्यांना ती सापडली. दोन सीटची, लांब नाकाची, जुन्या काळातली स्पोर्ट्स कार. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती आणि तिने मास्तरांकडे असं काही पाहिलं की ते तिथेच गाडीच्या प्रेमात पडले. गाडी दुकानात आली. "दोन वर्षांत चालवून दाखवतो," असं त्यांनी बायकोला सांगितलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. चाकांवरची लोखंडी चौकट जमिनीवर आणि लाल रंग दिलेली बॉडी छताच्या तुळईला टांगलेली, अशी ती गाडी दुमजली होऊन सगळी खोली अडवून बसली होती.

बायकोला त्याच खोलीत शिवणाचा क्लास काढायचा होता. नऊ वर्षं तिने दम धरला, आणि परवा मात्र एकदाच सांगून टाकलं, "चौकटीवर बॉडी चढली तर ढकलत बाहेर न्या आणि अंगणात खुशाल मांडीवर घेऊन बसा. शनिवारी चारपर्यंत नाही चढली, तर भंगारवाला येईल." बाई बोलली की करते, हे मास्तरांना अनुभवाने माहीत होतं. भंगारवाल्याला तिने खरोखरच फोन करून ठेवला होता.

आज शनिवार होता आणि तीन वाजून गेले होते.

मदतीला दोघं आले होते. एक वेल्डर, ज्याने चौकटीच्या गंजून गेलेल्या पट्ट्या काढून मास्तरांनी दिलेल्या मापाच्या नव्या बसवल्या होत्या. दुसरे मास्तरांचे साडू, ज्यांना फक्त सल्ले देता येत होते. बॉडी ज्या पट्ट्यांत टांगली होती त्या मास्तरांनी स्वतः जाड कॅनव्हासच्या शिवल्या होत्या, तिहेरी शिवण मारून. शोभेला म्हणून त्यांवर कोटाची बटणंही लावली होती.

"बटणं कशाला?" साडूंनी विचारलं.

"उघडं बरं दिसत नाही," मास्तर म्हणाले.

वेल्डर साखळी सोडू लागला. बॉडी करकरत खाली यायला लागली. "डावीकडे! नाही, तुमच्या डावीकडे! नाही, गाडीच्या!" साडू ओरडत होते. तेवढ्यात कॅनव्हासची पट्टी ताणली, एक बटण सुटलं आणि टण्णकन साडूंच्या टकलावर बसलं. त्यानंतर कामाला वेग आला, कारण साडू कोपऱ्यात जाऊन डोकं चोळत गप्प बसले.

बॉडीचे उजवीकडचे दोन्ही बोल्ट चौकटीच्या भोकांत अलगद उतरले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते डावीकडे गेले आणि ते पाणी तिथेच थिजलं. डावीकडची भोकं बोल्टांपासून लांब, पार बाहेर राहिली होती. मास्तरांनी बोटं लावून पाहिली. बरोबर दोन बोटं.

"मी तुमच्याच मापाने केलंय," वेल्डर घाईघाईने म्हणाला आणि खिशातून मळका कागद काढला.

मास्तरांनी कागद पाहिला. अक्षर त्यांचंच होतं. बॉडीचं माप बरोबर घेतलं होतं, आणि लिहिताना हाताने सवयीने दोन बोटं जास्त धरली होती. माणूस लग्नानंतर सुटतो, म्हणून कमरेला दोन बोटं सैल, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम होता.

"मास्तर, गाडी काय लग्नानंतर जाड होणारे?" वेल्डर म्हणाला. "आता नव्या पट्ट्या करायच्या तर आठ दिवस लागतील."

घड्याळात साडेतीन झाले होते. मास्तर लग्नाच्या कोटासकट मटकन खाली बसले. नऊ वर्षं त्यांनी एकेक स्क्रू घासला होता, आणि आता हे सगळं वजनकाट्यावर जाणार होतं. त्यांना अगदी लहान मुलासारखं रडावंसं वाटलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने टांगलेली बॉडी पाहिली, भोकं पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"दोन बोटं ना?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या पँटी आत घेतल्यात, मला नाही कळणार?"

"कुणाच्या पँटी?"

"सगळ्यांच्या. तुम्ही शिवून ठेवायचात, मी गिऱ्हाईक यायच्या आधी कमर आत घ्यायची. उगाच का एकही परत आली नाही?"

साडूंनी टक्कल चोळायचं थांबवलं.

बाईने कोपऱ्यातल्या शिवणमशीनवरचा खडू उचलला आणि चौकटीच्या पट्ट्यांवरच्या प्रत्येक भोकाला आतल्या बाजूने एकेक बोट लांब रेघ ओढली. "सगळं एकाच बाजूने घेतलं तर शिवण तिरकी जाते. एक बोट इकडून घ्या, एक तिकडून. आणि गोल भोक कशाला हवं? काज करा, लांबट. वर मोठी वायसर टाका की झालं."

वेल्डर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने बॉडी वर खेचली आणि ड्रिल घेतलं. वीस मिनिटं ठिणग्या उडाल्या, कानस चालली. चारला दोन मिनिटं असताना बॉडी पुन्हा खाली आली, चारही बोल्ट चारही काजांत शिरले आणि ती चौकटीवरच्या रबराच्या गाद्यांवर बूड टेकून बसली.

भंगारवाला दारात उभा राहिला तेव्हा बाईने त्याला फुकट जाऊ दिलं नाही. तिने त्याला गाडी ढकलायला लावली. इंजिन अजून बसायचंच होतं, पण स्टिअरिंगवर कुणीतरी हवं होतं, आणि मास्तर अजून बोल्टच मोजत होते. मग बाईच चढून बसली. मास्तर शेजारी बसले. तिघांनी जोर लावला आणि लाल गाडी डुलत अंगणात आली.

मास्तर अंगातल्या कोटाची शिवण न्याहाळत राहिले. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "माझा हा कोट? हाही आत घेतलास?"

बायकोने त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली, मग पोटावरचं बटण चाचपून पाहिलं.

"नाही. लग्नात नुसता तंबू दिसत होता. मीच म्हटलं, राहू दे, माणूस भरेल हळूहळू." ती हसली. "आज कुठे बरोबर बसलाय."